एनसीक्लायंट वापरून राउटर-स्विचला एक्सएमएल पाठवतोय, दोन-अडीच वर्षांनंतरचा माझा रिव्ह्यू

आमच्या टीमचं बहुतेक कॉन्फिग, म्हणजे राउटर-स्विचच्या सेटिंग्ज, आता कुणी सीएलआयवर (कमांड लाइनवर) बसून टाइप करत नाही. ते एक्सएमएलमधून, म्हणजे टॅग लावून लिहिलेल्या मजकुरातून, नेटकॉन्फ या कॉन्फिग पाठवायच्या प्रोटोकॉलने जातं, आणि पाठवायला आम्ही पायथनची एनसीक्लायंट नावाची लायब्ररी वापरतो. बऱ्याच जणांनी विचारलं की कशी आहे, घ्यावी का, आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न ठरलेला, "पण ते एक्सएमएल बघूनच डोकं फिरतं रे". म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. लायब्ररी ओपन सोर्स आहे, अपाची लायसन्सवर, पिपने एका कमांडमध्ये बसते, त्यामुळे पैशाचा प्रश्नच नाही, प्रश्न तुमच्या वेळेचा आहे आणि रात्री दोन वाजता हिच्यावर भरवसा टाकायचा की नाही याचा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: टाकायचा. पण भरवसा कशावर टाकायचा ते नीट कळायला मला बराच वेळ लागला, आणि खरं तर तेच सांगायला हे लिहायला घेतलंय.

आधी आम्ही काय करायचो, तर सगळे जे करतात तेच. एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) करून आत शिरायचं, कमांड टाकायची, आलेला आउटपुट रेजेक्सने, म्हणजे मजकुरातले नमुने शोधून, चाळायचा आणि त्यावरून पुढची कमांड ठरवायची. एका रात्री ट्रंक पोर्टवर, म्हणजे अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी आभासी नेटवर्क) वाहून नेणाऱ्या पोर्टवर, एक नवीन व्हीलॅन वाढवायचा होता. ज्यांनी हे काम केलंय त्यांना पुढचं लगेच कळेल: त्या कमांडमध्ये "ॲड" हा शब्द असला तर व्हीलॅन यादीत वाढतो, आणि तो शब्द राहिला तर आधीची अख्खी यादी जाऊन तो एकटा व्हीलॅन उरतो. आमच्या टेम्प्लेटच्या एका फाट्यावर तो शब्द राहिला होता. स्विचने एरर दिली नाही, का देईल, कमांड बरोबरच होती की. प्रॉम्प्ट परत आला, स्क्रिप्टने हिरवा टिक मारला आणि ती पुढच्या स्विचवर गेली. तिसऱ्या स्विचवर पोचेपर्यंत फोन वाजायला लागले होते. आदल्या दिवशीच्या बॅकअपमधून हाताने याद्या परत टाकेपर्यंत चाळीस मिनिटं गेली आणि ती चाळीस मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली, की ज्या भाषेत "वाढव" आणि "बदलून टाक" यातला फरक एका सुटलेल्या शब्दावर लटकतो, आणि चुकलं तर मागे यायची वाट नाही, ती भाषा माणसाने समोर बसून वापरायला ठीक आहे, स्क्रिप्टच्या हातात द्यायची नाही.

हे मला एकट्यालाच सुचलंय अशातला भाग नाही. २००२ च्या जूनमध्ये आयएबीने, म्हणजे इंटरनेटच्या रचनेवर देखरेख करणाऱ्या मंडळाने, एक वर्कशॉप घेतलं होतं, नेटवर्क चालवणारे ऑपरेटर आणि प्रोटोकॉल लिहिणारे लोक एकत्र बसवून, आणि त्याचा वृत्तांत २००३ साली आरएफसी ३५३५ म्हणून निघाला (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांची क्रमांक दिलेली मालिका). तो जरूर वाचा, छोटा आहे. ऑपरेटरांनी तिथे मोकळेपणाने सांगितलं की एसएनएमपी हा जुना मॅनेजमेंट प्रोटोकॉल मॉनिटरिंगला बरा आहे पण कॉन्फिगला आम्ही ते वापरत नाही. आणि मागितलं काय, तर कॉन्फिग वेगळं दिसू दे आणि चालू स्थितीचे आकडे वेगळे दिसू दे, आख्खं कॉन्फिग काढता आणि टाकता येऊ दे, दोन कॉन्फिगमधला फरक बघता येऊ दे, आणि एका बॉक्सचा (राउटरचा किंवा स्विचचा) नाही तर पूर्ण नेटवर्कचा बदल एका दमात करता येऊ दे. त्यातून नेटकॉन्फ आलं, पहिली आवृत्ती २००६ च्या डिसेंबरमध्ये आरएफसी ४७४१, आणि आज आपण वापरतो ती २०११ ची आरएफसी ६२४१. एक्सएमएल निवडलं कारण तेव्हा ते सगळीकडे होतं, पार्सर तयार होते, आणि एकात एक बसणारं कॉन्फिग त्यात नैसर्गिक बसतं. काही कंपन्यांच्या राउटरमध्ये त्याच्या आधीपासूनच एक्सएमएलचा रस्ता होता, म्हणजे हे चालतं याची खात्री होती.

आता लायब्ररीकडे येतो.

जोडणं सोपं आहे. होस्ट, पोर्ट ८३०, युजर, पासवर्ड किंवा की, आणि समोरचा बॉक्स कुठल्या जातीचा आहे ते सांगणारं एक पॅरामीटर. खाली एसएसएचसाठी ती पॅरामिको वापरते आणि एक्सएमएलसाठी एलएक्सएमएल, दोन्ही मुरलेल्या लायब्ऱ्या आहेत. कनेक्ट झालं की दोन्ही बाजू एकमेकांना हॅलो पाठवतात आणि त्या हॅलोत बॉक्स आपल्याला काय काय येतं त्याची यादी देतो. नवीन माणसाला मी पहिलं काम हेच देतो की बाकी काही करू नको, फक्त ती यादी छापून शांतपणे वाच. कॅंडिडेट (कॉन्फिगची कच्ची प्रत) आहे का, कन्फर्म्ड कमिट (पक्कं केलं नाही तर आपोआप मागे येणारा बदल) आहे का, व्हॅलिडेट आहे का, रनिंगमध्ये (चालू कॉन्फिगमध्ये) थेट लिहू देतो का, कुठली यांग मॉडेल (कॉन्फिगमध्ये काय काय असू शकतं त्याचे आराखडे) आहेत आणि त्यांच्या तारखा काय. बॉक्सची जन्मपत्रिकाच असते ती.

आणखी एक काम मी सगळ्यांकडून एकदा तरी करून घेतो: लायब्ररी बाजूला ठेव, साध्या एसएसएचने ८३० वर नेटकॉन्फ सबसिस्टीम उघड आणि हॅलो हाताने पेस्ट कर. जुन्या पद्धतीत प्रत्येक मेसेजच्या शेवटी ]]>]]> ही सहा चिन्हं टाकावी लागतात, ती विसरलात तर बॉक्स नुसता बसून राहतो, त्याला वाटतं अजून यायचंय. हीच सहा चिन्हं एखाद्या कमेंटमध्ये वगैरे आत आली तर मेसेज मधेच तुटू शकतो, म्हणून २०११ च्या आवृत्तीत आधी लांबी सांगायची आणि मग तेवढा तुकडा पाठवायचा अशी पद्धत आली. एनसीक्लायंट हॅलो बघून यातलं काय वापरायचं ते स्वतः ठरवते, तुम्हाला कळतही नाही. पण एकदा हाताने केलेलं असलं की पुढे कधी काही अडकलं तर तुम्ही अंधारात नसता.

आता खरी कटकट, एक्सएमएल लिहिणं. इथे ही लायब्ररी तुम्हाला काहीही मदत करत नाही आणि लोक सगळ्यात जास्त इथेच चिडतात. इंटरफेसला डिस्क्रिप्शन द्यायचं तर तिच्याकडे तसं तयार फंक्शन नाही, ती म्हणते टॅग तू बनव, मी पोचवते, उत्तर आणून देते. सुरुवातीला मला पण हे अर्धवट वाटायचं. आता वाटतं तेच बरोबर आहे, कारण कुठल्या बॉक्सवर कुठलं मॉडेल आहे ते फक्त बॉक्सला माहीत असतं, लायब्ररीने अंदाज बांधायला जाऊच नये. मॉडेल बॉक्सकडूनच मागून घेता येतं, गेट-स्कीमा नावाचं ऑपरेशन आहे, ते करून यांगची फाइल उतरवायची आणि पायांग या टूलमध्ये टाकून झाडासारखी छापायची. ते झाड समोर ठेवलं की टॅग लिहिणं म्हणजे नुसतं फांद्यांवरून खाली उतरणं असतं. ज्यांना एक्सएमएल नकोसं होतं त्यातले निम्मे लोक ते झाड न बघता कुठलं तरी उदाहरण कॉपी करून त्यात अंदाजाने बदल करत असतात, मी पण तेच करत होतो.

नेमस्पेसचं सांगतो, म्हणजे टॅग कुठल्या मॉडेलमधला आहे ते सांगणाऱ्या नावाचं. पहिल्या महिन्यात मी एका लॅब राउटरवरून इंटरफेसचं कॉन्फिग मागत होतो, फिल्टर लावून. उत्तर यायचं, ओके असायचं, पण आत डेटाचा रिकामा टॅग. एरर नाही, काही नाही. सीएलआयवर बघितलं तर इंटरफेस जागच्या जागी. युजरची परवानगी तपासली, बॉक्स रीबूट केला, लायब्ररीचं व्हर्जन बदललं, दोन तास गेले. शेवटी बॉक्सने हॅलोत दिलेला नेमस्पेस आणि माझ्या फिल्टरमधला नेमस्पेस एकाखाली एक ठेवून एकेक अक्षर बघितलं, तर माझ्यात शेवटचा "एस" नव्हता. आयईटीएफ या मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं मॉडेल "इंटरफेसेस" आहे, मी "इंटरफेस" लिहिलं होतं. आणि बॉक्सचं वागणं नियमाप्रमाणे अगदी बरोबर होतं: तू ज्या नेमस्पेसमधलं मागितलंस त्यातलं माझ्याकडे काही नाही, हे घे रिकामं. पण विचार करा, माझ्या स्क्रिप्टने याचा अर्थ "बॉक्सवर इंटरफेसच नाहीत" असा लावला असता आणि पुढे काही करायला गेली असती तर. तेव्हापासून नियम केलाय, रिकामं उत्तर आलं की स्क्रिप्ट थांबते, माणसाला विचारते. तीच चूक लिहिताना केली तर मात्र आमचा बॉक्स लगेच हा नेमस्पेस मला माहीत नाही म्हणून बदल परत फेकतो, आणि मला त्याचं हे फेकणं फार आवडतं.

दुसरी गोष्ट डिस्क्रिप्शनमधल्या & ची. अठ्ठेचाळीस पोर्टचा स्विच, एक्सेलमधून नावं, जिंजा या टूलच्या टेम्प्लेटमधून एक्सएमएल, आणि एका पोर्टचं नाव कुणीतरी "आर&डी" असं ठेवलेलं. एक्सएमएलमध्ये ते चिन्ह तसंच्या तसं चालत नाही, एस्केप करावं लागतं, म्हणजे त्याच्या जागी ठरलेला कोड लिहावा लागतो, त्यामुळे पूर्ण फाइलच बिघडलेली ठरली आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस पोर्ट राहिले. टीममधला एक पोरगा वैतागून म्हणाला, "सर, एका पोर्टसाठी बाकीच्या सत्तेचाळीसांचं का अडवायचं?" मी म्हटलं, "अरे, अर्धे झाले असते तर तू आत्ता कुठले झाले आणि कुठले राहिले ते शोधत बसला असतास." जिंजात एस्केपचा फिल्टर लावला की काम होतं, पण मी आता टेम्प्लेटमध्ये टॅग जोडण्यापेक्षा एलएक्सएमएलनेच झाड बांधतो, एस्केप ती स्वतः करते आणि टॅग बंद करायचा राहिला हा प्रकारच संपतो. टेम्प्लेटच वापरणार असाल तर व्हॅल्यू टॅगला चिकटून लिहा, सुबक दिसावं म्हणून नव्या ओळीवर ढकलू नका, नाहीतर ती नवी ओळ आणि स्पेस व्हॅल्यूचाच भाग होऊन बसते.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप करायचा त्याकडे येतो.

बॉक्समध्ये कॅंडिडेट असेल तर तुमचा बदल चालू कॉन्फिगला लागतच नाही, तो एका कच्च्या प्रतीत जातो. क्रम असा की आधी कॅंडिडेट लॉक करायचा, मग एडिट-कॉन्फिग (बदल लिहायचा), मग व्हॅलिडेट (तपासायचा), मग कमिट (चालू कॉन्फिगला लावायचा), मग अनलॉक. एनसीक्लायंटमध्ये लॉकसाठी पायथनचा विथ ब्लॉक आहे, त्याच्या आत सगळं लिहायचं, आत कुठे एक्सेप्शन आलं तर लॉक आपोआप सुटतो, आणि नियम असा आहे की कॅंडिडेटचा लॉक सुटला की त्यातले कमिट न झालेले बदल बॉक्स फेकून देतो. म्हणजे स्क्रिप्ट मधेच मेली, लॅपटॉप बंद पडला, व्हीपीएन तुटलं, काहीही झालं तरी मागे अर्धवट घाण राहत नाही. लॉक न घेता एडिट करणारे लोक मी बघितलेत, चालतं म्हणून करतात, आणि मग कॅंडिडेटमध्ये कुणाचे तरी जुने बदल पडून असतात आणि तुमच्या कमिटबरोबर तेही जातात. हे करू नका, हात जोडून सांगतो.

लॉक मिळाला नाही तर एरर नुसती "नाही" म्हणत नाही, कुणाकडे आहे त्याचा सेशन नंबर देते. एकदा विंडो, म्हणजे बदलांसाठी ठरवलेली वेळ, चालू असताना आमच्या एका मुलीचा लॉक अडकला.

"सर, लॉक मिळत नाहीये, तीनदा केलं."

"सेशन आयडी काय येतोय?"

"शून्य."

"मग नेटकॉन्फवाला कुणी नाही. कुणीतरी सीएलआयवर कॉन्फिग उघडून बसलंय, शोध."

शोधलं तर शिफ्ट संपवून गेलेल्या एकाचं सेशन कॉन्फिग मोडमध्ये तसंच उघडं होतं, आणि त्यात कमिट न केलेले दोन रूट होते. लॉकने अडवलं नसतं तर आमच्याबरोबर ते दोन रूटही लागले असते. शून्य म्हणजे नेटकॉन्फच्या बाहेरचा कुणीतरी, हे आरएफसीमध्ये लिहिलेलंच आहे, पण ते वाक्य वाचणं आणि रात्री दीड वाजता कामाला येणं यात फरक आहे.

आणि कन्फर्म्ड कमिट. नेटकॉन्फमधलं बाकी सगळं काढून घ्या आणि एवढं ठेवा म्हणालात तरी मी एक्सएमएल लिहीन. कमिट करताना सांगायचं की एवढ्या सेकंदात मी पुन्हा येऊन पक्कं केलं नाही तर सगळं पहिल्यासारखं कर. वेळ दिली नाही तर ६०० सेकंद धरतात. आम्ही चौदा राउटरवर मॅनेजमेंटचा एसीएल, म्हणजे राउटरवर कुणाला येऊ द्यायचं त्याची यादी, बदलत होतो, जो चुकला की आपणच आपल्याला बाहेर कोंडतो, आणि एका राउटरच्या डेटामध्ये आमच्या जंप सर्व्हरच्या (ज्यावरून आम्ही राउटरवर शिरतो त्या सर्व्हरच्या) सबनेटचा मास्क चुकलेला होता. व्हॅलिडेटने पकडलं नाही, पकडणार कसं, मास्क लिहिला बरोबर होता, फक्त आम्हाला हवा तो नव्हता. कमिट गेला आणि सेशन थिजलं. पिंग बंद, एसएसएच बंद. त्या जागेवर रात्री कुणी नसतं. आम्ही वेळ १२० सेकंद दिली होती आणि मी पिंगच्या खिडकीकडे बघत बसलो, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, रिक्वेस्ट टाइम्ड आउट, एकेक ओळ खाली जातेय, खोलीत कुणी बोलत नाही. दोन मिनिटांनी पहिला रिप्लाय आला. राउटरने आपणहून जुना एसीएल परत लावला होता. मास्क दुरुस्त केला, पुन्हा पाठवला, या वेळी पक्कं केलं आणि पुढे गेलो.

एक बारीक गोष्ट इथे लक्षात ठेवा. सेशन तुटलं की बॉक्स लगेच मागे येतो, पण एसीएलमुळे पॅकेटच अडली तर बॉक्सला सेशन तुटल्याचं कळतच नाही, तो टायमर संपायची वाट बघतो. म्हणून अशा बदलाला दहा मिनिटं ठेवू नका, दोन-तीन पुरतात. आणि ज्या बदलात तुमचं सेशन तुटणारच आहे, समजा मॅनेजमेंटचा आयपीच बदलताय, तिथे पर्सिस्ट हा पर्याय वापरा, एक टोकन देता येतं आणि मग दुसऱ्या सेशनमधून येऊन तेच टोकन सांगून पक्कं करता येतं. हा पर्याय कन्फर्म्ड कमिटच्या १.१ मध्ये आला, जुन्या बॉक्सवर नसेल, हॅलो बघा.

व्हीलॅनच्या त्या रात्रीचं उत्तर पण इथेच मिळालं. एडिट-कॉन्फिगमध्ये प्रत्येक टॅगवर तुम्हाला सांगता येतं की हे मर्ज आहे, रिप्लेस आहे, क्रिएट, डिलीट की रिमूव्ह. काही सांगितलं नाही तर मर्ज, म्हणजे वाढव. गप्प राहिलं तर वाढतं, पुसायचं असेल तर तोंडाने सांगावं लागतं, माझ्या त्या कमांडच्या बरोबर उलट. डिलीट आणि रिमूव्हमधला फरकही कामाचा आहे: नसलेली गोष्ट डिलीट केली तर एरर येते, रिमूव्ह केली तर मुकाट्याने पुढे जातं. तीच स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवायची असेल तर रिमूव्ह, आणि "ही गोष्ट तिथे असायलाच हवी होती" याची खात्री करायची असेल तर डिलीट.

मर्जवर पण डोळे झाकून जाऊ नका. मॉडेलमध्ये व्हीलॅन खरी यादी म्हणून असतील तर मर्जने वाढतात, पण काही कंपन्यांच्या मॉडेलमध्ये सगळे व्हीलॅन एकाच स्ट्रिंगमध्ये स्वल्पविराम देऊन असतात, आणि स्ट्रिंगवर मर्ज म्हणजे जुनी जाऊन नवी, म्हणजे पुन्हा तोच खड्डा. यांगच्या झाडात लीफ (एकच व्हॅल्यू) आहे की लीफ-लिस्ट (व्हॅल्यूंची यादी) एवढं बघितलं तर कळतं. आणि रिप्लेस कुठल्या टॅगवर लावताय ते तीनदा बघा. एका इंटरफेसवर लावायचं ते मी एकदा लॅबमध्ये बाहेरच्या इंटरफेसेस टॅगवर लावलं, म्हणजे बॉक्सला सांगितलं की यापुढे तुझ्याकडे हा एकच इंटरफेस. कमिटच्या आधी कॅंडिडेट आणि रनिंग दोन्ही काढून त्यांचा डिफ बघायची सवय होती म्हणून लाल ओळींचा ढीग दिसला आणि थांबलो. तो डिफ आता आमच्याकडे सक्तीचा आहे, बघून दुसऱ्या माणसाने हो म्हटल्याशिवाय कमिट होत नाही.

लायब्ररीच्या तक्रारी सांगतो आता, कारण आहेत.

सगळ्यात मोठी टाइमआउटची. ठरवून दिलेला नसेल तर ३० सेकंद असतो, आणि मोठ्या चासिसवर (अनेक कार्डं बसणाऱ्या मोठ्या बॉक्सवर) मोठा बदल असेल तर कमिटला त्याच्यापेक्षा जास्त लागू शकतात. लायब्ररी एक्सेप्शन देऊन मोकळी होते, तुमची स्क्रिप्ट समजते फसलं, आणि तिकडे बॉक्स शांतपणे कमिट पूर्ण करतो. टाइमआउट म्हणजे "झालं नाही" असं कधीच धरू नका, पुन्हा जोडा, रनिंग काढा आणि बघा. आमच्याकडे कमिटच्या आधी टाइमआउट मुद्दाम वाढवतात आणि तरीही आला तर तपासणीचं वेगळं फंक्शन चालतं.

दुसरी, डॉक्युमेंटेशन तोकडं आहे. फंक्शनची नावं आणि पॅरामीटर मिळतात पण का आणि कधी ते मिळत नाही, त्यासाठी आरएफसीच उघडावी लागते. उदाहरणं आहेत, पण इंटरनेटवर फिरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक उदाहरणात होस्ट-की तपासणी बंद केलेली असते आणि लोक ती ओळ तशीच प्रॉडक्शनमध्ये घेऊन जातात. ही तर तुमच्या पूर्ण नेटवर्कची किल्ली आहे, समोर खरा राउटर आहे की दुसराच कुणी ते न बघता पासवर्ड द्यायचा? नोन-होस्ट्सची फाइल एकदा भरा, एक दिवसाचं काम आहे. आणि लॅपटॉपवरच्या एसएसएच एजंटमध्ये बऱ्याच की असतील तर लॉगिन विनाकारण फसतं, कारण आधी त्या सगळ्या की ट्राय होतात, तेव्हा एजंट वापरू नको आणि की शोधू नको हे दोन पर्याय देऊन बघा.

वाचण्याच्या बाजूला एक खड्डा आहे, तो लायब्ररीचा नाही पण पडतात सगळे. उत्तराचं एक्सएमएल पायथनच्या डिक्शनरीत बदलायला बरेच जण एक्सएमएलटूडिक्ट वापरतात. बॉक्सवर पाच बीजीपी नेबर (रूटची देवाणघेवाण करणारे शेजारी राउटर) असले तर तुम्हाला लिस्ट मिळते, एकच असला तर लिस्ट मिळतच नाही, सरळ डिक्शनरी मिळते, आणि तुमचा लूप नेबरऐवजी त्याच्या टॅगच्या नावांवर फिरायला लागतो. लॅबमध्ये नेहमी दोन-तीन नेबर असतात म्हणून तिथे कळत नाही. फोर्स-लिस्ट हा पर्याय आहे, तो द्या, किंवा थेट एलएक्सएमएलने एक्सपाथ (झाडातला टॅगचा पत्ता) लावून वाचा. मी दुसरं करतो.

जेसनचं, म्हणजे एक्सएमएलऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या डेटा फॉरमॅटचं काय, हा प्रश्न येतोच. रेस्टकॉन्फ आहे, हेच काम वेबच्या एचटीटीपीवरून करणारा प्रोटोकॉल, २०१७ ची आरएफसी ८०४०, त्यात जेसन चालतं, ब्राउझरमधल्या टूलवरून पण करून बघता येतं, एखादी छोटी गोष्ट वाचायला किंवा बदलायला छान आहे. पण त्यात क्लायंटला लॉक घेता येत नाही आणि बदल कॅंडिडेटमध्ये साचवून नंतर एकदम कमिट करता येत नाही, प्रत्येक रिक्वेस्ट गेली की लागली. माझ्या चौदा राउटरच्या रात्री मला ते चाललं नसतं. आणि लिहायला सोपं म्हणाल तर जेसनमध्ये पण मॉडेलचं नाव पुढे लावावंच लागतं, ६४ बिटचे आकडे अवतरणचिन्हात स्ट्रिंग म्हणून येतात, म्हणजे कटकट तिथेही आहे, फक्त कंस वेगळे. टेलिमेट्रीला, म्हणजे काउंटर सतत ओढत राहायला, आम्ही जीएनएमआय हा वेगळा प्रोटोकॉल वापरतो आणि तिथे एक्सएमएल नाही याचं मला काही वाटत नाही. प्रत्येक सेकंदाला काउंटर टॅगमध्ये गुंडाळून आणण्यात अर्थ नाही.

कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे पंधरा-वीसच्या वर बॉक्स आहेत, ज्यांचे बदल चुकले तर लोकांचं काम थांबतं, आणि ज्यांची यांगचं झाड वाचायला एक आठवडा द्यायची तयारी आहे, त्यांनी नक्की. दोन स्विचचं ऑफिस असेल तर सीएलआयच बरं. आणि ज्यांच्याकडे जुने बॉक्स आहेत जिथे नेटकॉन्फ नावापुरतं आहे, रनिंगमध्ये थेट लिहितं, कॅंडिडेट नाही, रोलबॅक नाही, त्यांनी फार आशा ठेवू नये, लायब्ररी कितीही चांगली असली तरी बॉक्सला जे येत नाही ते ती आणणार कुठून.

म्हणून आता कुठलाही नवीन बॉक्स ट्रायलला आला की थ्रूपुट वगैरे नंतर, आम्ही आधी ८३० वर जोडून त्याचा हॅलो फाइलमध्ये साठवतो आणि त्यात कॅंडिडेट आणि कन्फर्म्ड कमिट १.१ या दोन ओळी शोधतो. मागच्या महिन्यात एक आला होता, बाकी सगळं उत्तम, कॅंडिडेट होता, कन्फर्म्ड कमिट नव्हता. विकणाऱ्यांना तसं लेखी कळवलंय, पुढच्या सॉफ्टवेअरमध्ये देतो म्हणालेत. ते आलं की पुन्हा हॅलो घेऊ, तोपर्यंत बॉक्स लॅबमध्येच आहे.